वन्संची सही

हे सगळं झालं दोन हजार बावीस साली. विजेवर चालणाऱ्या गाड्या तोवर रस्त्यावर चांगल्याच नजरेत भरायला लागल्या होत्या. जुन्या इमारतींच्या आवारात, दवाखान्यांबाहेर, बागांच्या कडेला त्या चार्ज करायची सोय व्हावी म्हणून सरकारनं पैसे द्यायची योजना काढली ती त्याच वर्षी. बारा बिऱ्हाडांच्या त्या चार मजली इमारतीनंही अर्ज केला. दोन पॉइंट आत आवारात आणि एक बाहेरच्या भिंतीला, येणाऱ्याजाणाऱ्या कुणालाही वापरता येईल असा. खर्चातला मोठा वाटा सरकार उचलणार होतं. अट एकच होती. इमारतीचा वीजभार वाढणार, म्हणून प्रत्येक मीटरधारकाची लेखी संमती हवी. बारा मीटर, बारा सह्या. अर्ज गेला, आणि पाच आठवड्यांनी एका मंगळवारी सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी पहिल्या मजल्यावरच्या वहिनींच्या दारात उभे राहिले. हातात प्लॅस्टिकची फाइल, आणि चेहरा असा की जणू शेजारच्या घरातली वाईट बातमी आपल्यालाच सांगायची वेळ आली आहे.

“वहिनी, फाइल परत आली.”

“का हो? काही राहिलं का?”

“राहिलं काही नाही. जास्त झालंय.”

त्यांनी संमतीचा कागद टेबलावर ठेवला. बारा नावं, बारा सह्या. चौथ्या सहीभोवती लाल पेन्सिलीनं गोल काढला होता आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं : सदर ग्राहक हयात नाही. खुलासा व्हावा. वहिनींनी चष्मा काढला, पदराच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. सही वन्संची होती. सुरुवातीचं मोठं अक्षर, मग एका दमात ओढलेली ओळ, आणि शेवटी उजवीकडे जाऊन किंचित वर वळणारी शेपटी. हुबेहूब वन्संची. फक्त वन्संना जाऊन सहा वर्षं झाली होती.

“तुम्हीच केलीत ना?” सेक्रेटरींनी इतक्या हळू विचारलं की जणू भिंतींनाही कळू नये.

“मीच केली असणार,” वहिनी म्हणाल्या. “दुसरं कोण करणार?”

पण करताना आपण काय करतोय ते त्यांना कळलं होतं का, हे त्यांनाच सांगता येईना. त्या दुपारी सेक्रेटरी कागद घेऊन दारोदार हिंडत होते, एवढं आठवत होतं. रेडिओ चालू होता. गॅसवर दूध होतं आणि त्याच्याकडे एक डोळा होता. कागदावर ओळीनं नावं छापलेली होती. बोट खाली सरकत गेलं, ओळखीच्या नावाशी थांबलं, आणि हातानं पेन टेकवलं. सही झाली. दूध उतू गेलं नाही, म्हणून त्यांना बरंसुद्धा वाटलं होतं. आपण त्या वेळी अर्धवट मोठ्यानं काहीतरी बोललोही होतो, असं आता वाटत होतं. “झाली हो,” असं काहीतरी. कुणाला म्हणालो? सेक्रेटरींना? सेक्रेटरी तर दारात उभे होते, आणि त्या बोलल्या होत्या खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघून.

सेक्रेटरी गेल्यावर वहिनी त्या खुर्चीसमोर बसून राहिल्या. वन्सं म्हणजे त्यांची नणंद. नवऱ्यापेक्षा लहान, पण वहिनींपेक्षा दोन वर्षांनी मोठी, त्यामुळे मान कुणी कुणाला द्यायचा हा घोळ पहिल्या दिवसापासूनचा. वन्संनी तो आपल्या पद्धतीनं सोडवला. “मी तुला वहिनी म्हणणार आणि अगंतुगं करणार. तू मला वन्सं म्हण आणि अहोजाहो कर. दोघींचंही समाधान.” वहिनी लग्न होऊन आल्या त्या अडुसष्ट साली. नवऱ्याची नोकरी फिरतीची. महिन्यातले वीस दिवस तो कुठल्या ना कुठल्या गावी यंत्रांचे सुटे भाग विकत असायचा. म्हणजे संसार खरा झाला तो वन्संबरोबरच. नणंदेच्या नावानं बोटं मोडायची सोय नसलेली अख्ख्या नात्यात मी एकटीच, असं वहिनी म्हणायच्या, आणि वन्सं म्हणायच्या, “मोड की, मोड. मला ऐकू येत नाही असं दाखवीन.” वन्संनी लग्न केलं नाही. का नाही केलं, हे वहिनींनी एकदाच विचारलं होतं. “वेळ झाला नाही,” असं उत्तर मिळालं, ते सकाळी बूट घालताना. ते खोटंही नव्हतं. वन्सं वीज कंपनीत मीटर रीडर होत्या. त्या कामावर लागल्या तेव्हा कंपनीला बाईसाठी गणवेश कसा शिवायचा हेच माहीत नव्हतं. पुरुषाच्या मापाचा शर्ट आला, तो वहिनींनी उसवून पुन्हा शिवला. खांद्याला पिशवी, पिशवीत जाडजूड वही, कानामागे पेन्सिल, हातात टॉर्च. मीटर त्या काळी कुठे कुठे असायचे! जिन्याखाली, कपाटामागे, बुटांच्या रॅकच्या वर, एकदा तर कोंबड्यांच्या खुराड्यात. वन्सं वाकून, गुडघ्यावर बसून, भिंतीला गाल लावून आकडे वाचायच्या. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांच्या गालाला चुना लागलेला असायचा. तो पुसायचं काम वहिनींचं. पुसता पुसता सगळ्या पेठेची खबर कळायची. “कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे वीस युनिटं वाढलीत. सासू राहायला आलेली दिसते, हीटर लावतात.” “त्या नव्या जोडप्याकडे मीटरची चकती हलतच नाही गं. भांडण झालंय. ती माहेरी गेली असणार.” आणि वन्संचा अंदाज सहसा चुकायचा नाही. माणूस थापा मारतो, चकती मारत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावरची नर्स आली. या इमारतीत लहानथोर सगळे वहिनींना वहिनीच म्हणत. नर्सही म्हणायची. तिचं वय अठ्ठावीस, आणि तिच्या आजीपेक्षा वहिनी चार वर्षांनी मोठ्या. वर्षभरापूर्वी नर्सनं विजेवरची स्कूटर घेतली आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली वायर सोडली. ती वायर वहिनींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरून जायची, मधे हिरवी चिकटपट्टी लावलेली. वारा आला की काचेवर टकटक करायची. वहिनींना त्या टकटकीची सवय झाली होती. मग एका संध्याकाळी जोड तापला, वास सुटला, चिकटपट्टी वितळून भिंतीवर काळा ओघळ आला. सेक्रेटरींनी त्याच दिवशी वायर बंद केली, आणि त्यांचं चुकलं असं कुणीच म्हणालं नाही. तेव्हापासून नर्स बारा तासांची ड्यूटी संपवून तीन किलोमीटर लांबच्या पंपावर जायची. तिथे एकच पॉइंट होता. नंबर लागेपर्यंत आणि गाडी भरेपर्यंत ती कठड्यावर बसून राहायची. कधी दीड तास, कधी दोन. कठड्यावर बसल्या बसल्या एकदा तिला झोप लागली आणि ती खाली घसरली. कोपराला खरचटलं. घरी आल्यावर तिनं ते हसत सांगितलं, आणि वहिनींनी आयोडीन लावताना तिला चांगलं झापलं होतं.

“वहिनी, सेक्रेटरीकाका म्हणाले काहीतरी घोटाळा झालाय.”

“घोटाळा मी केलाय. तू चहा घे.”

“अहो, राहू दे. मी ही विकते, पेट्रोलची घेते. एवढं काय! तुम्ही त्या ऑफिसात खेटे घालायचे आणि मी मजेत गाडी फिरवायची, हे बरं दिसतं का?”

“विकशील. आणि तुझ्याकडून घेणारा ती कुठे लावणार, त्याच्या गच्चीवर?”

नर्स हसली. मग तिनं कप खाली ठेवला आणि गंभीर होऊन म्हणाली, “पण खरंच, सही कशी काय केलीत तुम्ही? म्हणजे, इतकी हुबेहूब?”

हे मात्र वहिनींना नीट आठवत होतं. वन्सं दोन हजार दोन साली निवृत्त झाल्या आणि तीन वर्षांत त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी बशीत चहा सांडायला लागला, मग अक्षर सांडायला लागलं. बँकेनं दोन चेक परत पाठवले. वन्सं त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “बस. शीक माझी सही.” पन्नाशी केव्हाच उलटलेल्या वहिनी शाळेतल्या पोरीसारख्या बसल्या आणि वन्सं मास्तरणीसारख्या त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. “शेपटी एवढी लांब नको, मी काय माकड आहे?” “पहिलं अक्षर घाबरत घाबरत काढतेस. मी कधी घाबरले का कुणाला?” तीन दिवसांत सहा महिने उलटे होऊन भरले. चौथ्या दिवशी वन्संनी एक सही डोळ्यांजवळ धरून बघितली आणि त्यांचे डोळे भरून आले. नंतर जेवताना एवढंच म्हणाल्या, “एक नियम. मी समोर असताना, मी सांगितल्यावर तू केलेली सही माझी. माझ्यामागे केलीस तर ती चोरी.” वहिनींनी मान हलवली. वन्संचे नियम असेच असायचे, सरळ, दोन बाजूंचे, मधे फट नसलेले. आपल्या राहत्या इमारतीचं रीडिंग त्यांनी चौतीस वर्षांत एकदाही स्वतः घेतलं नाही. त्या दिवशी सहकाऱ्याला बोलवायच्या, “आपल्या घरचा आकडा आपण लिहायचा नाही” म्हणून. त्यांच्या खात्यात काहीजण घरबसल्या अंदाजानं आकडे टाकायचे. त्या लोकांशी वन्सं पंक्तीला बसायच्या नाहीत.

नर्स गेल्यावर वहिनींच्या मनात तोच नियम घोळत राहिला. समोर असताना माझी, मागे केलीस तर चोरी. त्या दुपारी वन्सं समोर होत्या की नव्हत्या? हा प्रश्न वेड्यासारखा आहे हे त्यांना कळत होतं. त्यांना भास होत नसत. वन्सं गेल्या हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. दिवसाउजेडी, अकरा वाजता, हात हातात असताना. आणि हात हातात होता म्हणूनच कळलं होतं. अकरा वर्षं न थांबलेला कंप एकदम थांबला होता. त्या क्षणी त्यांना आधी वाटलं, बरं वाटतंय वाटतं वन्संना. पुढचे सगळे कागद सेक्रेटरींनी केले, दाखला, पेन्शन बंद करण्याचं पत्र, बँक. वहिनींनी कशावर सही केली नाही, कुणी मागितलीही नाही. मीटर तेवढा राहून गेला. दर महिन्याला बिल यायचं ते वन्संच्या नावानं. बिल वाटणारा माणूस जिन्यातून त्यांचं नाव मोठ्यानं पुकारायचा, आणि वहिनी आतून “आले” म्हणायच्या. सहा वर्षं. बहात्तर वेळा. त्यात आपण काही लपवतोय असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. घरातलं माणूस बाहेर गेलं असताना त्याच्या हाकेला ओ दिली, एवढंच. पण कागदावर उमटलेली ती शेपटी वेगळी होती. कुणीतरी ती खरी मानून पुढे पाठवली होती. तो घरबसल्या टाकलेला आकडा होता.

संध्याकाळी सेक्रेटरी पुन्हा आले. आयुष्यभर शाळेत हेडक्लार्क होते. कागदावरचं काहीही त्यांना कागदानंच दुरुस्त करता येईल असं वाटायचं.

“मी मसुदा केलाय,” ते म्हणाले. “‘सदर ग्राहकाने हयातीतच या कामास तोंडी संमती दिलेली होती व त्यांच्या इच्छेस अनुसरून...’”

“हयातीत? तेव्हा ही योजना तरी होती का?”

“योजना नव्हती, इच्छा असू शकते.”

“भाऊजी, त्यांना स्कूटर म्हटलं की फक्त एकच माहीत होती, तिसऱ्या गल्लीतल्या डॉक्टरची, आणि ती त्यांच्या पायावरून गेली होती.”

सेक्रेटरींना हसू आलं, पण ते टिकलं नाही. एकतीस तारखेला योजनेची मुदत संपत होती. त्याच्या आत खुलासा गेला नाही तर अर्ज रद्द. पुढच्या वर्षी योजना असेल की नाही कुणास ठाऊक. शिवाय खोट्या सहीबद्दल काय होतं तेही कुणास ठाऊक.

“माझा मसुदा पाठवला तर निभावेल,” ते म्हणाले. “नावही राहील मीटरवर. कशाला हलवायचं?”

हे शेवटचं वाक्य वहिनींना बरोबर जिव्हारी लागलं. नाव राहील. पुढच्या महिन्यात जिन्यातून पुन्हा तीच हाक येईल. एक खोटं लिहिलं की वन्सं राहतील, खरं सांगितलं की जातील. आणि वन्संनाच विचारलं असतं तर त्यांनी एका क्षणात उत्तर दिलं असतं, वर “एवढंही कळत नाही?” म्हणून टपली मारली असती. वहिनींनी मसुद्याची घडी घालून ती सेक्रेटरींच्या हातात परत दिली. मग म्हणाल्या, “उद्या मी येते ऑफिसात. बस कितीची आहे?”

बसमध्ये त्यांना खिडकी मिळाली, सेक्रेटरी शेजारी बसले. फाइल मांडीवर उभी धरून ते सारखे तिच्या कडेवरून बोट फिरवत होते. दोन थांबे गेले, तिसरा गेला. मग एकाएकी ते समोर बघतच म्हणाले, “वहिनी, सातव्या नंबरची सही बाबांची आहे.”

“कुणाच्या बाबांची?”

“माझ्या.”

वहिनींनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. सेक्रेटरींचे वडील जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. त्यांच्या अंत्ययात्रेला वन्सं ड्यूटीवरून परस्पर, पिशवीसकट आल्या होत्या.

“आमचा मीटर त्यांच्याच नावावर आहे. बदलायचं बदलायचं म्हणत राहून गेलं,” ते म्हणाले. “तुम्ही सही केलीत तेव्हा मी बघत होतो. बोलणार होतो. पण मी आदल्या रात्रीच बाबांची करून ठेवली होती. बोलायला तोंड कुठे होतं?”

वहिनींना आधी राग यायला हवा होता. आलं ते हसू. ते दाबता दाबता खांदे हलायला लागले. पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून बघितलं. सेक्रेटरींनाही मग आवरेना. सत्तरीतली ती दोघं, मांडीवर सरकारी फाइल, डोळ्यांत पाणी, आणि बस सिग्नलला थांबलेली. “तुमची सही कशी जमली पण?” वहिनींनी विचारलं. “शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर करायचो,” सेक्रेटरी म्हणाले. “तेव्हापासून आहे सवय.” दोघं पुन्हा हसली. उतरायच्या थांब्यापर्यंत हसू संपलं.

छाननी अधिकारी पस्तिशीचा असेल. त्याला जबरदस्त सर्दी झाली होती. प्रत्येक दुसऱ्या वाक्याला तो रुमाल शोधायचा. टेबलावर फाइलींचे तीन ढीग, एका ढिगावर अर्धं सफरचंद. त्यानं कागद पुढे ओढला. “या बाई कंपनीच्या कर्मचारी होत्या, म्हणून संगणकानं पकडलं. पेन्शन बंद, सही चालू.” तो वहिनींकडे बघून म्हणाला, “आजी, ही कुणी केली?”

“मी.”

“का?”

वहिनींनी घरून वाक्यं तयार करून आणली होती. ती सगळी विरघळली. “अकरा वर्षं मीच करत होते,” त्या म्हणाल्या. “त्यांचा हात हलायचा. त्या सांगायच्या, मी करायचे. या वेळी त्यांनी सांगितलं नव्हतं. चूक माझी आहे. सोसायटीचा काही संबंध नाही. तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी राहते, ती ड्यूटीनंतर दोन दोन तास पंपावर बसते. तिला माझ्यापायी शिक्षा नको. मला काय व्हायची ती होऊ दे.”

अधिकाऱ्यानं रुमाल नाकाला लावला. बाकीच्या टेबलांवर कळफलकांचा आवाज चालू होता. तेवढ्यात शेजारून सेक्रेटरी, शाळेत असल्यासारखा हात वर करून म्हणाले, “साहेब, सातव्या नंबरचाही खुलासा होईल.”

“म्हणजे?”

“ते माझे वडील. तेही... सदर ग्राहकच आहेत.”

अधिकारी खुर्चीत मागे टेकला. छताकडे बघितलं. “तुमच्या इमारतीत जिवंत माणसं किती आहेत, ते एकदा सांगून टाका.”

सेक्रेटरींनी बोटांवर मोजलं. बारापैकी पाच मीटर गेलेल्या माणसांच्या नावावर निघाले. दोघांच्या सह्या वारसांनी निदान स्वतःच्या नावानं केल्या होत्या. एकाच्या नावापुढे नुसतीच रेघ होती, आणि ती कुणाच्या लक्षात आली नव्हती. अधिकाऱ्याला शिंक आली, मग हसू आलं, मग पुन्हा शिंक. “अर्ज रद्द करायचा तर मला तीन पानं लिहावी लागतील,” तो म्हणाला, “आणि माझं डोकं दुखतंय. असं करा. पाचही मीटरांची नावं बदलून घ्या, नव्या सह्यांचा कागद द्या, जुना मी तुमच्यासमोर रद्द करतो. मुदत एकतीस. आजी, तुमचा फॉर्म आत्ताच भरून द्या. पुन्हा कशाला येताय जिने चढून?”

फॉर्म एका पानाचा होता. मृत ग्राहकाचं नाव. ते वहिनींनी लिहिलं. अक्षर सुटं सुटं, वाचता येईल असं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या हे नाव सही म्हणून न लिहिता नाव म्हणून लिहीत होत्या. पत्ता. मीटर क्रमांक, तो पाठ होता. मग रकाना आला : मृत ग्राहकाशी नाते. पुढे चौकटी होत्या. पती किंवा पत्नी. मुलगा किंवा मुलगी. आई किंवा वडील. भाऊ किंवा बहीण. इतर. वहिनींचं पेन थांबलं.

“यात भावजय नाही,” त्या म्हणाल्या.

“इतरवर खूण करा.”

“इतर म्हणजे कोण?”

“वरच्यापैकी कुणी नाही ते.”

इतर. जसं कुणी रस्त्यावरून आलं आणि मीटर मागून गेलं. अठ्ठेचाळीस वर्षं एका छपराखाली काढली होती. नवरा गेला त्या पंच्याऐंशी सालानंतरची एकतीस तर दोघींनीच. नवरा गेल्यावर माहेरहून भाऊ न्यायला आला होता. रिक्षा खाली उभी होती, आणि वन्संनी दारात येऊन एवढंच विचारलं होतं, “वहिनी, उद्या कामावर जाताना डब्याचं मी माझं बघू का?” भाऊ रिक्षातून एकटाच गेला. आजारपणात एकमेकींचे पाय चेपले होते, एकदा दीड महिना अबोला धरला होता आणि तो कशावरून होता ते दोघीही विसरल्या होत्या. एकीच्या वहाणा दुसरी घालून गेली तरी पत्ता लागत नसे. वहिनींनी चौकटी पुन्हा वाचल्या. नवराबायको? नाही. मायलेकी? कधी ही आई, कधी ती, म्हणजे नाहीच. बहिणी? बहिणी वाटण्या करतात. एकेक चौकट त्यांनी मनातल्या मनात लावून बघितली, दुकानात दुसऱ्याच्या मापाचा ब्लाउज लावून बघावा तशी. एकीतही वन्सं मावेनात. मग त्यांच्या ध्यानात आलं की हा माणूस म्हणतोय ते अगदी बरोबर आहे.

“खरंय,” त्या म्हणाल्या. “वरच्यापैकी कुणी नव्हतोच आम्ही.”

आणि त्यांनी इतरच्या चौकटीत अशी ठसठशीत खूण केली की ती खालच्या कागदावर उमटली.

सही करताना मात्र हातानं दगा दिला. पेन टेकलं आणि वन्संचं पहिलं अक्षर अर्धं उतरलं. न घाबरता. वहिनींनी दचकून हात उचलला. अधिकाऱ्यानं निमूटपणे दुसरा फॉर्म पुढे केला. दुसऱ्यावरही तसंच झालं. आपली स्वतःची सही कशी होती? लग्नाच्या नोंदीत केली होती, नवऱ्याच्या कागदांवर केली होती. त्यानंतरचं काही आठवेना. “सावकाश, आजी,” अधिकारी म्हणाला, “फॉर्म भरपूर आहेत. सरकारकडे दुसरं काही नसलं तरी फॉर्म असतात.” तिसऱ्या फॉर्मवर वहिनींनी सही अशी केलीच नाही. पहिलीतल्या मुलीसारखं आपलं नाव एकेक अक्षर सुटं लिहिलं आणि खाली रेघ मारली. अधिकाऱ्यानं जुना संमतीचा कागद उभा आडवा फाडला आणि तुकडे फाइलींच्या ढिगाशेजारी टाकले. वहिनी त्या तुकड्यांकडे बघत होत्या. एकावर शेपटी तेवढी दिसत होती. त्यांना वाटलं होतं, आपल्याला रडू येईल. आलं नाही. पोटात भूक लागल्यासारखं मात्र झालं, आणि बाहेर पडल्यावर त्यांनी सेक्रेटरींना उभ्या उभ्या दोन केळी खायला लावली आणि स्वतः तीन खाल्ली.

त्याला आता तीन वर्षं झाली. पाचही मीटरांची नावं अठ्ठावीस तारखेपर्यंत बदलली, मंजुरी आली, आणि सरकारी पैसे यायला अकरा महिने लागले तरी शेवटी ते आले. आवारातले दोन पॉइंट चालतात. बाहेरच्या भिंतीवरच्या पॉइंटला इतकी गर्दी असते की सेक्रेटरींनी तिथे येणाऱ्याजाणाऱ्यांना बसायला एक बाक टाकून दिला. सेक्रेटरींनी पद सोडलं, पण फाइल सोडली नाही. वडिलांचं नाव काढल्यावर आठवडाभर ते कुणाशी धड बोलत नव्हते, आता वरच्या मजल्यावरच्यांचे वारसांचे फॉर्म तेच भरून देतात. नर्सला सकाळची ड्यूटी मिळाली, मग लग्न झालं, आणि ती गाव सोडून गेली. स्कूटर तिनं विकली नाही, बरोबर नेली. दर पंधरवड्याला वहिनींना फोन करते आणि गुडघे कसे आहेत ते विचारते. वहिनी बरे आहेत म्हणतात आणि ती खोटं बोलू नका म्हणते. छाननी अधिकाऱ्याची बदली झाली. त्याच्या जागी आलेल्या बाई शिंकत नाहीत, पण हसतही नाहीत, असं सेक्रेटरी सांगतात. वन्सं आता कुठल्याच कागदावर नाहीत. बिल येतं ते वहिनींच्या नावानं. पहिले तीनचार महिने जिन्यातून हाक आली की वहिनी आत बसूनच राहायच्या, शेजारचं कुणी बिल आणून द्यायचं.

आणि वहिनी? त्यांनी एकोणऐंशीव्या वर्षी बँकेत स्वतःचं वेगळं खातं उघडलं. काउंटरवरच्या मुलीनं कार्ड पुढे सरकवलं, तीन चौकटी, तीन नमुना सह्या. वहिनींनी केल्या. एक सुटी अक्षरं, एक जोडून, आणि तिसरीला खाली दोन रेघा. मुलीनं कार्ड उलटसुलट केलं आणि हसून म्हणाली, “आजी, तिन्ही वेगळ्या आहेत. एकदा ठरवा ना, तुमची कुठली ते.”

“ठरवते हं,” वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी दुसरं कार्ड मागितलं. “जरा सांभाळून घे. मी नवीन आहे.”